वानर कोणाला म्हणायचं? समुद्र ओलांडणाऱ्या एका जमातीचा इतिहास

(किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशिम येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय वाचून काही जणांना हसू आलं असेल. वानर, समुद्र आणि इतिहास. त्यातून बोलणारा माणूस तत्त्वज्ञानाचा. पण विषय तरुण मुलांनी सुचवलेला आहे आणि प्रश्न त्यांनी फार चांगला विचारला. त्यांना एक खेळ रचायचा आहे. त्या खेळात वानरांची एक जमात घ्यायची आहे, झाडावरून झाडावर तरंगत जाणारी, समुद्रावर फिरणारी. त्यांनी विचारलं, सर, या जमातीचा इतिहास काय लिहायचा?

काल्पनिक जमातीला इतिहास कशाला, असं इथल्या ज्येष्ठ मंडळींना वाटेल. तर आधी खेळ समजून घेऊ. हा सोंगट्यांचा खेळ नाही. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो, तो गोष्ट पुढे नेतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. काय करायचं ते तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की नाही हे फासे टाकून ठरवायचं. म्हणजे आपलं सोंग आणि सारीपाट एकत्र केल्यासारखं. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाने हा खेळ छापला आणि तिथून हा सगळा प्रकार जगभर गेला.

या खेळात पात्राची जमात निवडावी लागते. माणूस, एल्फ, बुटके वगैरे. प्रत्येक जमातीचं रूप, स्वभाव आणि पूर्वेतिहास पुस्तकात दिलेला असतो. त्यात एक जमात आहे हॅडोझी. चेहरा-शरीर वानरासारखं. हात आणि पाय यांच्यामध्ये कातडीचा पडदा, उडत्या खारीला असतो तसा. उडती खार खरं तर उडत नाही, उंचावरून झेप घेऊन तरंगत खाली येते. हॅडोझी तसेच, जहाजाच्या डोलकाठीवरून झेपावणारे. ही जमात 'स्पेलजॅमर' या 1989 मध्ये आलेल्या मालिकेतली, जिथे शिडाची जहाजं ताऱ्यांमधून फिरतात. हॅडोझी त्या जहाजांवरचे खलाशी. त्यांना टोपणनाव होतं, 'डेकवरची माकडं'.

ऑगस्ट 2022 मध्ये या मालिकेची नवी आवृत्ती निघाली आणि तिच्यात हॅडोझींना नवा पूर्वेतिहास दिला गेला. तो थोडक्यात असा. हे आधी साधे प्राणी होते. एका मांत्रिकाने त्यांना पकडलं, औषध पाजलं, त्यामुळे ते मोठे झाले, त्यांना बुद्धी आली. मांत्रिकाचा बेत त्यांचं सैन्य करून विकायचा होता. मग मांत्रिकाच्याच शिष्यांना दया आली आणि त्यांनी या प्राण्यांना सोडवलं. पुस्तक बाजारात आल्यावर खेळणाऱ्यांनीच जोरदार आक्षेप घेतला. पकडलेले, जहाजावर राबणारे, विकायला काढलेले, वानरासारखे दिसणारे. हे वर्णन जगात कोणाला लावलं गेलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. 2 सप्टेंबर 2022 रोजी 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या प्रकाशक कंपनीने जाहीर माफी मागितली आणि तो मजकूर काढून टाकला.

आता कोणी म्हणेल, खेळच तो, एवढं काय मनावर घ्यायचं? म्हणून एक तारीख सांगतो. सप्टेंबर 1906. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात, माकडांच्या घरात, ओटा बेंगा नावाचा कांगोमधला एक तरुण लोकांना पाहायला ठेवला होता. जिवंत माणूस. त्याच्याबरोबर पिंजऱ्यात ओरांगउटान. हजारो लोक तिकडे लोटले. कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी आवाज उठवल्यावर त्याला तिथून हलवलं. दहा वर्षांनी, 1916 मध्ये, त्याने आत्महत्या केली. माणसाला वानर म्हणण्याचा हा इतिहास फार जुना नाही, हे लक्षात ठेवा. आणि गुलामांचा व्यापार चालला तो जहाजांवरूनच. तेव्हा वानर, जहाज आणि मालक ही तीन चित्रं शेजारी ठेवली की त्यांचा अर्थ आपोआप बदलतो. ठेवणाऱ्याच्या मनात काही असो वा नसो.

मला त्या कथेत दोन गोष्टी वेगळ्या काढायच्या आहेत. एक, ही जमात वानरासारखी दिसते. दोन, त्यांची बुद्धी दुसऱ्याने दिली आणि त्यांची सुटकाही दुसऱ्यानेच केली. त्यांनी स्वतः काय केलं? फार थोडं. आक्षेप अनेकांनी पहिल्या गोष्टीवर घेतला, पण माझ्या मते खरं दुखणं दुसऱ्या गोष्टीत आहे. वानराचं रूप हा मुळात अपमान असता, तर आपल्या प्रत्येक गावाच्या वेशीवर मारुती बसलाच नसता.

तर चला आपल्या वेशीत.

वाल्मीकींच्या रामायणात वानर समुद्रापाशी येतात तो प्रसंग किष्किंधाकांडाच्या शेवटी आहे. सीता लंकेत आहे हे कळलंय. समोर शंभर योजनं पाणी. आणि वानर काय करतात? बसून हिशेब करतात. प्रत्येक जण उठून सांगतो की मी किती योजनं झेप घेईन. गज म्हणतो दहा. पुढे संख्या वाढत जाते. म्हातारा जांबवान म्हणतो, आता वय झालं, तरी नव्वद जाईन. अंगद म्हणतो, शंभर जाईन, पण परत येईन की नाही ते सांगता येत नाही. ही सभा आहे बघा. प्रत्येकाला आपली कुवत माहीत आहे आणि ती चारचौघांत कबूल करायची लाज नाही. मग जांबवान कोपऱ्यात गप्प बसलेल्या हनुमानाला त्याच्या बळाची आठवण करून देतो. बळ त्याचंच होतं, जांबवानाने फक्त आठवण दिली. हॅडोझींच्या मांत्रिकाने बुद्धी दिली आणि जांबवानाने आठवण दिली, या दोन क्रियापदांतलं अंतर ध्यानात ठेवा.

आणि हे वानर मुके नाहीत. हनुमान पहिल्यांदा रामाशी बोलतो तेव्हा राम लक्ष्मणाला सांगतो, याने व्याकरण चांगलं अभ्यासलेलं आहे, एवढं बोलला पण एकही शब्द चुकला नाही. पुढे अशोकवनात झाडावर बसून हनुमान विचार करतो की सीतेशी कोणत्या भाषेत बोलावं. पंडिताप्रमाणे संस्कृत बोललो तर तिला वाटेल रावणच आलाय, ती घाबरेल. म्हणून साध्या माणसाच्या बोलीत बोलायचं तो ठरवतो. ऐकणाऱ्याला काय वाटेल याचा विचार करून भाषा निवडणं, ही मला बुद्धीची फार मोठी खूण वाटते. आमच्या प्राध्यापकांपैकी पुष्कळांना ती शेवटपर्यंत जमत नाही. (हशा)

पण याच रामायणात एक अडचणीचा प्रसंग आहे आणि तो मी टाळणार नाही. वालीवध. बाण लागून पडलेला वाली रामाला विचारतो, मी तुझ्याशी लढत नव्हतो, तुझ्या राज्यात गुन्हा केला नव्हता, मग लपून का मारलंस? शिवाय मी वानर, माझं कातडं आणि मांस तुम्हा लोकांना निषिद्ध, म्हणजे शिकार म्हणूनही मी उपयोगाचा नाही. रामाच्या उत्तरात दोन मुद्दे आहेत. पहिला, तू धाकट्या भावाच्या पत्नीला ठेवलंस, हा अधर्म आहे, त्याची शिक्षा दिली. दुसरा, तू शाखामृग आहेस, झाडावरचा प्राणी, आणि राजे लोक मृगया करताना लपूनही मारतात.

आता हे दोन मुद्दे शेजारी ठेवा. पहिल्यात वाली धर्म पाळायला बांधलेला आहे, म्हणजे माणसासारखा. दुसऱ्यात तो शिकारीचा प्राणी आहे. दोन्ही एकाच वेळी कसं चालेल? हे मी आज शोधून काढलेलं नाही. शतकानुशतकं टीकाकार आणि कीर्तनकार या प्रसंगाशी झगडत आले आहेत. मला एवढंच दाखवायचंय की हा प्रश्न कवीने लपवला नाही. मरणाऱ्या वानराला त्याने पूर्ण बोलू दिलं, आणि त्याचा युक्तिवाद इतका नेटका ठेवला की आजही उत्तर देताना आपल्याला घाम फुटतो. ज्याला आपण वानर म्हणतो त्याला सोयीप्रमाणे कधी माणसाचा कायदा लावायचा आणि कधी प्राण्याचा, ही चलाखी जगात पुष्कळ ठिकाणी झाली. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला तेव्हा तेच केलं. शिक्षा द्यायची तेव्हा माणूस म्हणून, पण गुन्हा ठरवायचा जन्मावरून, जणू ती प्राण्याची जात आहे. आपल्या भागातल्या पारधी समाजाला हा शिक्का काय असतो ते सांगावं लागत नाही. कायदा 1952 मध्ये गेला. शिक्का गेला का, ते तुम्हीच सांगा.

आता वाल्मीकींकडून आपल्या मुलखात येऊ. कारण वानरांच्या समुद्रलंघनावरचं प्राकृतातलं सर्वांत गाजलेलं काव्य विदर्भातल्या राजाने लिहिलेलं आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन, पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याची आई प्रभावतीगुप्ता, सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, जिने मुलं लहान असताना राज्य सांभाळलं. रामटेकच्या, म्हणजे त्या वेळच्या रामगिरीच्या देवावर तिची भक्ती होती, हे तिच्या ताम्रपटावरून दिसतं. या प्रवरसेनाने 'सेतुबंध' लिहिलं. पंधरा आश्वासांचं काव्य, भाषा माहाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. दंडीने माहाराष्ट्रीला उत्तम प्राकृत म्हटलं तेव्हा उदाहरण म्हणून 'सेतुबंध'चंच नाव घेतलं. बाणभट्टाने तर म्हटलंय की प्रवरसेनाची कीर्ती या सेतूवरून समुद्रापार गेली, वानरांची सेना गेली तशी.

आणि ही गोष्ट फक्त नागपूरकडची नाही. वाकाटकांची दुसरी शाखा होती वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशिम. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन. त्यानेही प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं होतं, ते आज पूर्ण मिळत नाही. त्याचा मुलगा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वाशिमलाच सापडला. त्याची वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी या घराण्याचे लेख एकत्र करून ठेवले, म्हणून आज आपण हे ठामपणे बोलू शकतो.

'सेतुबंध'मध्ये मला काय आवडतं सांगू? तिथला समुद्र. समुद्र पाहून वानरसेना सुन्न होते. पराक्रमी सगळे, पण किनाऱ्यावर खिळून बसलेले. मग सुग्रीव त्यांना बोलतो, लाजवतो, धीर देतो. पुढे ते डोंगर उपटून पाण्यात टाकतात, समुद्र घुसळून निघतो, मासे आणि प्राणी हेलपाटतात, पण सेतू काही होत नाही. नुसत्या जोराने काम होत नाही. तेव्हा नल पुढे येतो, तो विश्वकर्म्याचा मुलगा, रचना जाणणारा. मग सेतू उभा राहतो. वाल्मीकींनी तर दिवसांचा हिशेबच दिलाय. पहिल्या दिवशी चौदा योजनं, मग वीस, एकवीस, बावीस आणि पाचव्या दिवशी तेवीस. बेरीज करा, शंभर. रोज काम वाढतंय, कारण हात बसत चाललाय. रस्त्याच्या कामावर गेलेल्या माणसाला हा हिशेब लगेच पटेल.

समुद्रापासून इतक्या लांब बसलेल्या राजाने एवढा समुद्र का लिहावा? मला वाटतं, या भागाला समुद्राचं भान होतं. वत्सगुल्माच्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची अनेक लेणी कोरली गेली. तिथे 2 नंबरच्या लेण्यात शिडाचं जहाज रंगवलंय. 17 नंबरच्या लेण्यात सिंहल व्यापाऱ्याची कथा आहे, जहाज फुटून राक्षसींच्या बेटावर पोचलेल्या माणसाची. आणि त्याच 17 नंबरच्या लेण्यात महाकपी जातक आहे. ते पाहिलं नसेल तर जरूर पाहा. गंगेकाठच्या आंब्यावर वानरांचा कळप, खाली राजाचे धनुर्धर. वानरांचा मुख्य पलीकडच्या काठावर झेप घेतो, एक वेत तोडून कमरेला बांधतो आणि परत झेपावतो. वेत थोडा कमी पडतो. मग तो हातांनी फांदी धरतो आणि राहिलेलं अंतर स्वतःच्या अंगाने भरून काढतो. सगळा कळप त्याच्या पाठीवरून पार होतो. झेपही आहे, पूलही आहे. बौद्ध परंपरेत हा वानर म्हणजे पूर्वजन्मीचा बुद्ध. त्याला कोणी सोडवलेलं नाही. त्याने सोडवलं, आणि राजा त्याच्याकडून राज्य कसं करावं ते शिकला.

आता तिसरी परंपरा, जैन. आणि इथे मुलांच्या प्रश्नाला मला सगळ्यात जवळचं उत्तर सापडतं. विमलसूरींचं 'पउमचरिय' ही आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी जैन रामकथा, भाषा जैन माहाराष्ट्री. तिच्या सुरुवातीलाच राजा श्रेणिकाला शंका येते. एवढ्या बलवान राक्षसांना माकडांनी कसं मारलं असेल? कुंभकर्ण सहा महिने कसा झोपेल? या शंकांना उत्तर म्हणून सगळी कथा सांगितली जाते.

उत्तर असं की राक्षस आणि वानर दोघेही विद्याधर होते. विद्याधर म्हणजे विद्येच्या बळावर आकाशातून जाणारी माणसं. लंकेच्या राजाने आपला मेहुणा श्रीकंठ याला समुद्रातलं एक बेट राहायला दिलं. नाव वानरद्वीप. श्रीकंठाने तिथली माकडं पाहिली, त्याला ती आवडली, त्याने ती पाळली, खाऊपिऊ घातलं. तिथे किष्किंधी नावाचं नगर वसवलं. पुढे त्याच्या वंशात अमरप्रभ नावाचा राजा झाला. त्याच्या लग्नात वाड्यात माकडांची चित्रं काढलेली होती, ती बघून नवी नवरी घाबरली. राजा चिडला, कोणी काढली ही चित्रं? तेव्हा मंत्र्याने सांगितलं, महाराज, आपल्या पूर्वजांपासून ही आपल्याकडे मंगल मानली जातात. राजा विचारात पडला. म्हणाला, मंगल आहेत तर जमिनीवर पायाखाली कशाला? मुकुटावर, ध्वजावर, तोरणावर लावा. तेव्हापासून ते लोक वानर झाले.

म्हणजे बघा, आकाशातून जाणारे, समुद्रातल्या बेटावरचे, वानरांच्या नावाचे लोक. हॅडोझींच्या कित्येक शतकं आधी, आपल्या भाषेच्या आजीने हे लिहून ठेवलंय. आणि फरक कुठे आहे? इथे वानर हे नाव त्यांनी स्वतः घेतलं. नवरी घाबरली म्हणून लपवलं नाही, डोक्यावर ठेवलं.

ही विद्याधरांची गोष्ट आपल्या तालुक्यात उतरलेली आहे, हे तुमच्यापैकी शिरपूरला जाणाऱ्यांना माहीत असेल. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथात तिची कथा दिली आहे. रावणाने माली आणि सुमाली यांना काही कामासाठी पाठवलं. विमानातून जाता जाता जेवणाची वेळ झाली. पूजा केल्याशिवाय जेवायचं नाही, आणि सेवक तर पूजेची मूर्ती घरीच विसरलेला. मग वाळूची मूर्ती केली, पूजा केली आणि ती तळ्यात ठेवून ते निघून गेले. पुढे त्या तळ्याच्या पाण्याने एका राजाचा रोग बरा झाला. रावणाची माणसं आपल्या डोक्यावरून गेली आणि जेवायला इथे उतरली, ही कल्पनाच किती आपुलकीची आहे. त्यात राक्षस कोणी भयंकर नाहीत, भूक लागलेली, नेम पाळणारी माणसं आहेत.

आता आधुनिक काळ. इथे मला थोडं कडक बोलायचंय.

एकोणिसाव्या शतकानंतर शिकलेल्या लोकांना शेपटीची अडचण वाटू लागली. मग प्रश्न बदलला. वानर म्हणजे नक्की कोण लोक? चिं. वि. वैद्यांनी 1906 मध्ये 'द रिडल ऑफ द रामायण' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. वानर हे त्या काळचे मूळचे वन्य लोक असावेत, असा त्यांचा कल. इंदूरचे सरदार माधवराव किबे, 1926 च्या मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, यांनी लंका अमरकंटकाजवळ होती असं मांडलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे थोर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनीही 1973 च्या 'रामायण : मिथ ऑर रिअ‍ॅलिटी?' या पुस्तकात लंका मध्य भारतात शोधली आणि वानर-राक्षसांना तिथल्या आदिवासींमध्ये पाहिलं.

या तिघांबद्दल मला आदर आहे. त्यांचा हेतू चांगला होता. चमत्कार बाजूला सारून माणसं शोधायची होती. पण हिशेब मांडून बघा. लंका मध्य भारतात आणली की समुद्राचं तळं होतं. तळं झालं की झेप ही उडी होते आणि सेतू हा बांध होतो. व्याकरण जाणणारा हनुमान गळतो, कारण जंगलातल्या माणसाला व्याकरण कुठलं, असं आपण मनात धरलेलंच असतं. शेवटी उरतं काय? वानर म्हणजे आदिवासी. आणि हे वाक्य उलटं वाचलं की काय होतं ते मी बोलायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात आंध आहेत, पलीकडे मेळघाटात कोरकू आहेत, यवतमाळकडे कोलाम आणि गोंड आहेत. त्यांच्यापैकी एखाद्या मुलाला वर्गात गुरुजींनी सांगितलं की वानर म्हणजे तुमचेच पूर्वज, तर बाकीची मुलं मधल्या सुट्टीत त्याला काय म्हणतील? पंडितांनी शेपूट कापली, पण हेटाळणी तशीच राहिली. आणि समुद्र तेवढा गेला.

याच वळणावर एक वेगळा अभ्यासक उभा आहे. फादर कामिल बुल्के. बेल्जियमहून आलेले, रांचीत आयुष्य घालवलेले, हिंदीचे मोठे विद्वान. 1950 च्या त्यांच्या 'रामकथा' या प्रबंधात त्यांनीही वानरांचा संबंध आदिवासींशी जोडला, पण कुलचिन्हाच्या वाटेने. उरांव समाजात तिग्गा हे कुळ आहे, त्याचा अर्थ वानर. अशी कुळं आपलं चिन्ह अभिमानाने बाळगतात. त्या प्राण्याला मारत नाहीत. आपल्याकडे देवक असतं तसंच. लग्नात देवक बसवताना मराठ्याला कोणी म्हणत नाही की तू कळंबाच्या झाडासारखा दिसतोस. बुल्के आणि विमलसूरी यांच्यात इतक्या शतकांचं अंतर, पण दोघांचं म्हणणं एका जागी येतं. नाव चेहऱ्यावरून पडलेलं नाही, नाव घेतलेलं आहे.

तेव्हा मुलांना माझं सांगणं असं आहे. वानरांची जमात खुशाल घ्या. शेपूट ठेवा, झेप ठेवा, जहाजं द्या. पण तिचा इतिहास लिहिताना तीन प्रश्न विचारा. हे नाव त्यांना कोणी दिलं? त्यांनी स्वतः काय बांधलं, काय शोधलं, कोणाला वाचवलं? आणि त्यांच्यावर अन्याय झाला तर वालीसारखं त्यांना पूर्ण बोलायला मिळतं का? ही तीन उत्तरं तयार नसतील तर फासे टाकायची घाई करू नका. आणि हे प्रश्न फक्त काल्पनिक जमातीपुरते नाहीत. गावाचा इतिहास लिहायला बसाल तेव्हाही हेच विचारा. आपल्या गावात कोणत्या वस्तीचा इतिहास 'त्यांना अमक्याने आणून वसवलं' या वाक्याने सुरू होतो आणि तिथेच संपतो, ते बघा.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ.

श्रोता : सर, मंग आमच्या वेशीवरचा मारुती माणूस हाय, वांदर हाय का देव हाय? एक काय थे सांगा.

उत्तर : भाऊ, प्रश्न थेट आहे, उत्तर थोडं वळणाने देतो. अशोकवनात सीतेपुढे हनुमान उभा राहिला तेव्हा तिलाही शंका आली. तिला वाटलं, हे रावणाचंच कपट असेल. तिने काय विचारलं? तिने विचारलं, रामाच्या खुणा सांग. आणि विचारलं, माणसांची आणि वानरांची ही गाठ पडली तरी कशी? म्हणजे तू कोणत्या जातीचा, हे तिने धरून बसली नाही. तुमचं एकमेकांशी नातं कसं जुळलं, हे विचारलं. हनुमानाने सगळी हकीकत सांगितली, मग अंगठी दिली, तेव्हा तिचा विश्वास बसला. शनिवारी तेल वाहणाऱ्या माणसालाही मारुतीची जात ठरवावी लागत नाही. तुमचं त्याच्याशी नातं काय, ते तुम्हाला माहीत आहे.

विद्यार्थिनी : सर, खेळात आता 'रेस' शब्द काढून 'स्पीशीज' केलाय. त्याने फरक पडतो का?

उत्तर : 2024 च्या नव्या नियमपुस्तकात तो बदल झालाय, बरोबर. 'रेस' या शब्दाला मोठा वाईट इतिहास आहे, तेव्हा तो काढला हे चांगलंच. पण 'स्पीशीज' म्हणजे प्राण्यांची जात. माणसाच्या जवळ आणायचं म्हणून शब्द बदलला आणि तो थोडा प्राणिशास्त्राकडे सरकला, ही गंमत आहे. शब्द बदलावा, जरूर बदलावा. पण हॅडोझींना कुठलाही शब्द लावला असता तरी मांत्रिकाची ती गोष्ट तशीच राहिली असती. म्हणून मी गोष्टीवर जास्त बोललो. तुम्ही मराठीत खेळ करणार असाल तर 'कुळ' शब्द वापरून बघा. त्यात नातं आहे, देवक आहे, आणि तो आपल्या घरातला आहे.

बाकीचे प्रश्न चहा घेता घेता बोलू.